घरी घालायचा पायजमा

दुपारचं जेवण झालं की मी पुस्तक घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो आणि दोन पानांत माझा डोळा लागतो. सगळी नोकरी वाचनालयात काढलेल्या माणसानं हे सांगू नये, पण आता असं आहे खरं. आज मात्र हातात पुस्तक नाही. मांडीवर एक पांढरा पायजमा आहे, जवळजवळ नवाच, आणि डाव्या मुठीत त्याची नाडी. ती नेफ्यात ओवायचा प्रयत्न मी मघापासून करतो आहे. नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन टोचली आहे. पिन अर्ध्या वाटेत उघडते, नाहीतर नाडी मागं राहते आणि पिन एकटीच पुढं जाते.

मी शिंप्याच्या घरात जन्मलो. माझे वडील, बापू, गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, न बघता नाडी ओवायचे. मला सुईत दोरासुद्धा घालता येईना म्हणून त्यांनी मला शाळेत ठेवलं, आणि पुढं मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल झालो. त्यात माझी हुशारी किती आणि बापूंची निराशा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पायजमा माझा नाही. तो श्रीरंगचा आहे, माझ्या मुलीच्या मुलाचा. घरात आम्ही त्याला रंगा म्हणतो. वय सोळा. सध्या तो जिल्ह्याच्या गावी निरीक्षणगृहात आहे, आणि उद्या सकाळी मला तिथल्या बाल न्याय मंडळासमोर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. या मुलाला घरी नेऊन मी सांभाळू शकेन का? हो म्हणालो तर तो उद्याच माझ्याबरोबर एसटीनं घरी येईल. नाही म्हणालो तर त्याला दुसऱ्या शहरातल्या सुधारगृहात पाठवतील, आणि तिथून तो बाहेर पडेल तेव्हा मी असेन की नाही कोण जाणे. त्याच्या वडिलांनी फोनवरच हात वर केले. त्यांचं दुसरं लग्न झालं आहे, घरात तान्हं बाळ आहे. मी त्यांना दोष देत नाही. दोष द्यायला बसलो तर सुरुवात कुणापासून करायची, तेच मला कळत नाही.

निरीक्षणगृहातल्या जगदाळे मॅडम चांगल्या आहेत. गेल्या भेटीत त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही हो म्हणालात तर ते पूर्ण हो पाहिजे. अर्धवट हो मुलांना लगेच कळतं." मी म्हणालो, विचार करतो. तेव्हापासून विचारच करतो आहे.

पिन नेफ्यात कुठंतरी अडकली आहे. मी ती कापडावरून चाचपतो. कापडाच्या आत एक बारीक कडक गोळा पुढं सरकतो, जरा थांबतो, पुन्हा सरकतो. पंखा फिरतो आहे. गोळा पुढं जातो आणि त्याच्यामागून मीही त्या पोकळीत शिरतो.

"अण्णा, द्या इकडं. तुमचं काम नाही ते."

वैजू बसली आहे, माझी मुलगी, रंगाची आई. बापूंचं शिलाई मशीन भिंतीशी आहे, त्याच्या पायट्यावर तिनं एक पाय ठेवला आहे. मशीन आम्ही कधीचंच विकलं. वैजूला जाऊन दोन वर्षं होऊन गेली. मला हे झोपेतही माहीत असतं, पण तिथं त्यात वावगं काही वाटत नाही. तिनं जांभळी सुती साडी नेसली आहे. आजारपणात गेलेले केस सगळे परत आले आहेत.

"जेवलात?"

"हो."

"काय?"

"खिचडी."

"कालची?"

ती ओळखून हसते. किती दिवसांनी बघतो आहे मी तिला, आणि मला आनंद व्हायला हवा. पण तिला बघितल्याबरोबर एकच मनात येतं. आता ही विचारणार.

"रंगा कुठंय?"

"क्लासला गेलाय."

"कसला क्लास?"

"गणिताचा."

"रविवारी?"

"परीक्षा जवळ आली ना," मी म्हणतो. मला खोटं बोलता येत नाही. आयुष्यात फारशी वेळही आली नाही. माझ्यासारख्या माणसाला कुणी काही विचारतच नाही.

वैजू मशीनवरून उठते आणि मशीनच्या जागी वाचनालयाचं टेबल आहे. मी टेबलाच्या अलीकडं, माझ्या जुन्या जागी. वर्तमानपत्रांच्या लांब बाकाखाली ती वाकून बघते. रंगा लहान असताना तिथं बसायचा. ती कादंबऱ्या चाळत असायची आणि तो बाकाखाली बसून लोकांच्या चपला जोडीजोडीनं लावायचा. कुणाची चप्पल कुठं गेली म्हणून म्हातारे कुरकुरायचे आणि मी त्याला ओरडायचो नाही. मी कुणालाच ओरडलो नाही कधी.

"इथं नाहीये," ती म्हणते.

"क्लासला आहे ना."

ती कपाटांकडं वळते. कपाटांत पुस्तकं नाहीत. सगळ्या फळ्यांवर दुधाच्या किटल्या आहेत, अॅल्युमिनियमच्या, चेपलेल्या, कानांना दोर बांधलेल्या. खालच्या फळीवरून दूध ठिबकतं आहे.

"हे काय हो?"

"किटल्या."

"ते दिसतंय मला. वाचनालयात?"

"हल्ली इथंच ठेवतात," मी म्हणतो. आणि मलाच वाटतं की हे काही खपणार नाही.

वैजू बोट लावून दूध बघते. बोट पदराला पुसते. ती लहान असताना मी काही लपवलं की ती अशीच गप्प राहायची, आणि मग मीच बोलून टाकायचो. तिची आई म्हणायची, या घरात बाप कोण आणि लेक कोण तेच समजत नाही.

"अण्णा," ती म्हणते, "कुठंय तो?"

आम्ही बाकावर बसलो आहोत. भिंती खाली निळ्या, वर पांढऱ्या. हा भेटीचा हॉल आहे. समोरच्या दारातून मुलं एकामागं एक येतात आणि आमच्यासमोरून जातात. सगळ्यांनी पांढरे पायजमे घातले आहेत, आणि प्रत्येकानं एका हाताची मूठ कमरेशी घट्ट धरली आहे.

"यांची पोटं दुखतात का?" वैजू विचारते.

मीही हेच विचारलं होतं. ते स्वप्नातलं नाही, खरंच घडलेलं आहे, आणि तिथं बाकावर बसून मला ते सगळं पुन्हा दिसतं. पहिल्या भेटीला मी त्याच्यासाठी हा पायजमा घेऊन गेलो. आजकालची मुलं काय घालतात ते मला कळत नाही. शिंप्याच्या पोरानं तयार कपडे आणायचे नाहीत हे बापूंचं म्हणणं मात्र डोक्यात पक्कं. म्हणून बापूंच्या हाताखाली शिकलेल्या म्हाताऱ्या कारागिराकडून मुद्दाम शिवून घेतला, नाडीचा. फाटकावरच्या बाईंनी पिशवी तपासली आणि पायजम्यातून नाडी ओढून काढली. "आजोबा, दोरी-बिरी आत चालत नाही. पोरं काय करतील सांगता येत नाही," असं म्हणून तिची गुंडाळी माझ्या हातात दिली. मी ती खिशात टाकली. मान हलवली. बिननाडीचा पायजमा मुलगा घालणार कसा, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. पुस्तकं वाचून वाचून माणसाचं असं होत असावं.

पुढच्या भेटीला रंगा त्या दारातून आला तो कमरेशी मूठ धरून.

"पोट दुखतंय का रे?" मी विचारलं.

"नाही."

त्याच्यामागं एक बारका मुलगा होता, पुढचे दोन दात पडलेला. तो खुसखुसला. "ओ आजोबा, पायजमा पडतोय त्याचा. मूठवाला म्हणतात त्याला सगळे. जेवायला पण एका हातानं, कबड्डी पण एका हातानं."

"गप ए," रंगा म्हणाला.

"मग दुसरं काहीतरी घाल ना," मी म्हणालो. "इथं देत नाहीत का कपडे?"

"देतात. इलॅस्टिकची चड्डी देतात."

"मग?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "तुम्ही आणलाय ना हा," तो म्हणाला.

शेवटी जगदाळे मॅडमनी त्याला समजावून पायजमा माझ्याबरोबर परत पाठवला. तेव्हापासून पायजमा घरी आहे, आणि त्याची नाडीही.

वैजू उठून रांगेतल्या मुलांजवळ जाते. एकेकाच्या हनुवटीला हात लावून चेहरा वर करते. मुलं चेहरा वर करतात, पण तिथं चेहऱ्याऐवजी नुसता अंधुक उजेड असतो, काचेवर वाफ धरावी तसा. ती पुढच्या मुलाकडं जाते. मग त्याच्या पुढच्या.

"यांच्यात माझा नाही," ती माझ्याकडं वळून म्हणते. तिच्या आवाजात दोन्ही आहे. नाही म्हणून सुटकाही आणि नाही म्हणून रडूही.

"आहे," मी म्हणतो. "वैजू, तो इथंच आहे."

रांग थांबते. मुलं भिंतीकडं तोंड करून उभी राहतात.

"काय केलं त्यानं?"

"गाडी चोरली. मोटरसायकल."

"कुणाची?"

"दूधवाल्याची. म्हणजे, ती शेवटची. त्याच्या आधीही चोरल्या होत्या. पेट्रोल संपेपर्यंत फिरवायच्या आणि उसात टाकून यायचं."

"एकट्यानं?"

"आणखी दोघं होते. मोठे आहेत ते, त्यांचं वेगळं चाललंय. पण चालवत हाच होता." थांबावं असं वाटतं, पण एकदा तोंड उघडलं की मला थांबता येत नाही. "किटल्या कॅनॉलमध्ये टाकल्या. दुधासकट. दूधवाला मागं धावला, पडला, हात मोडलाय त्याचा. मी गेलो होतो त्याच्या घरी. त्याची बायको मला चहा घ्या म्हणाली, वैजू."

वैजू माझ्याजवळ येऊन बसते. मला वाटतं ती विचारेल, तुम्ही काय करत होतात. मी त्याची तयारी करून ठेवली आहे. रक्तदाबाची गोळी, वय, त्याचं उलट बोलणं, दार आपटणं, मोबाइल. सगळं क्रमानं मांडून ठेवलं आहे.

"त्या दिवशी जेवला होता का तो?" ती विचारते.

"कधी?"

"गाडी घेतली त्या दिवशी. संध्याकाळी काही खाल्लं होतं का त्यानं?"

मला माहीत नाही. मी आठवायला लागतो. भेंडी होती का त्या दिवशी? झाकून ठेवलेलं ताट सकाळी तसंच होतं की धुतलेलं होतं? मला काही आठवत नाही. मी त्या बाकावर बसून रडतो. खरंखुरं रडतो. जागेपणी मला तसं रडता आलेलं नाही.

"असू दे," ती म्हणते. "असू दे, अण्णा. मला वाटलं, विचारून बघावं."

माझ्या डोळ्यांवर वारा येतो. कॅनॉलचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना ऊस, आणि वैजू लुनावर बसली आहे. दोन वेण्या, शाळेचा निळा फ्रॉक, गुडघ्याला खरचटलेलं. मी मागं कॅरियरवर. लुना इतकी हळू चालली आहे की कडेनं चाललेलं कुत्रं आमच्या पुढं जातं.

"ही निकमकाकांची आहे," मी म्हणतो.

"मग? तुम्हाला माहीत होतं ना तेव्हाही."

होतं माहीत. ती शाळेत असताना एकदा दुपारी शेजारच्या निकमांची लुना तिनं न विचारता काढली, कॅनॉलपर्यंत नेली आणि परत आणून लावली. निकम महिनाभर मेकॅनिकला शिव्या घालत होते, पेट्रोल पितो म्हणून. मी एका सकाळी रॉकेलच्या बाटलीतून पेट्रोल आणून गुपचूप त्यांच्या टाकीत ओतलं. वैजूला एका शब्दानं बोललो नाही. तेव्हा मला वाटलं होतं, मी मोठ्या मनाचा बाप आहे. आता वाटतं, मला फक्त तो विषय काढायची भीती वाटली असेल.

"तूही चोरच होतीस की," मी म्हणतो.

"होतेच." ती हसते. वेणी माझ्या तोंडावर येते, ओल्या शिकेकाईचा वास. "अण्णा, मला परत यायचं नव्हतं त्या दिवशी. माहितीये? सरळ जायचं होतं पुढं. कुठं ते ठरवलं नव्हतं. नुसतं जायचं होतं, कुणाला न सांगता."

"मग का आलीस?"

"पायरीवर तुम्ही दिसलात ना."

आमच्या घराची पायरी. मी पायरीवर बसलो आहे, पण तरुण. मांडीवर पुस्तक. मी, म्हणजे हा आताचा, वैजूबरोबर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्या माणसाकडं बघतो आहे. तो पुस्तकात बघतो आहे पण वाचत नाही. बराच वेळ झाला, त्यानं पान उलटलेलं नाही.

"बघा हां आता," वैजू माझ्या कानात म्हणते आणि चालायला लागते. फ्रॉक, वेण्या, गुडघ्यावर रक्त. ती पायरीजवळ पोहोचते. माणूस वर बघत नाही. ती त्याला ओलांडून घरात जाते. आणि ती आत गेल्याबरोबर तो पान उलटतो.

"दर वेळी," तिचा आवाज दारातून येतो. "मी मैत्रिणीकडून आले तरी, गॅदरिंगहून आले तरी. मी आले की पान उलटायचं. मला वाटायचं, माझे अण्णा किती हळू वाचतात. मग कळलं एक दिवस."

"मला वाटलं तुला कधी कळलं नाही."

"मी वाटच बघायचे त्याची. आत जाऊन कान लावून उभी राहायचे. पान उलटल्याचा आवाज आला की मग पाय धुवायचे."

आम्ही दोघं पायरीवर बसलो आहोत. ती आता पुन्हा मोठी आहे, जांभळ्या साडीतली. मला सांगायचंच आहे, आणि हिला नाही तर कुणाला सांगणार?

"मी रंगाचीही वाट बघत होतो गं," मी म्हणतो. "बसायचो इथंच. पण गोळी घेतली की डोळा लागतो. काही केल्या जागा राहत नाही. मग दार नुसतं लोटून आत जाऊन पडायचो. कडी लावली नाही कधी."

"का नाही लावली?"

"त्याला वाटायला नको की कोंडून ठेवतात. त्याला कळावं, माझा विश्वास आहे."

वैजू गुडघ्यांवर हनुवटी ठेवते. "नुसतं लोटलेलं दार आणि घोरणारं घर," ती म्हणते. "त्यातून त्याला काय कळणार, अण्णा?"

"तो मॅडमना एवढंच म्हणाला, घरी माझी वाट कोण बघतंय." हे मी कुणाला सांगितलेलं नाही. "मला सांग, मी उद्या काय तोंडानं हो म्हणू? तो आला आणि पुन्हा गेला तर? मी पुन्हा झोपलो तर? माझ्याच्यानं होणार नाही, वैजू. तिथं निदान जागी माणसं आहेत."

गल्लीतून ते कुत्रं जातं, कॅनॉलवरचं. अजून तितक्याच सावकाश.

"मी त्याच्याकडं जाते," ती म्हणते. "रोज जाते. त्याच्या उशाशी बसते. पण तो झोपतच नाही. डोळे उघडे ठेवून वर पत्र्याकडं बघत पडतो, आणि ती मूठ इथं." ती आपल्या पोटावर मूठ ठेवून दाखवते. "जागा असतो तेव्हा मी त्याला दिसत नाही. मी हाक मारते, त्याला ऐकू जात नाही. तुम्ही झोपता म्हणून तुमच्याकडं तरी येता येतं मला. त्याला भेटू कशी?"

मी तिचा हात धरतो. हात गार नाही, गरमही नाही. कापडासारखा आहे.

"तो एकदा निवांत झोपला पाहिजे," ती म्हणते. "मला एवढंच पाहिजे. त्याच्या माणसांत, त्याच्या गादीवर."

"आणि मी?"

"तुम्हीही झोपा की. कोण नको म्हणतंय? फक्त खुर्ची दारात टाकून झोपा. अशी आडवी." ती हातानं दाखवते. "जायचं असेल तर तुम्हाला ओलांडून जावं लागेल. यायचं असेल तरी ओलांडून. घोरा पाहिजे तेवढं."

"आणि ओलांडून गेला तर?"

"जाईल एखादे वेळी," वैजू म्हणते. "मीही गेलेच होते ना. ओलांडताना तुमचा चष्मा घसरलेला दिसेल त्याला, तोंड उघडं दिसेल. खोकलात तर दचकेल. अण्णा, त्याला नुसतं दिसू दे की वाटेत कुणीतरी आहे."

मला हसू येतं आणि रडूही येतं. एवढं साधं. इतक्या पुस्तकांत मला ते कुठं सापडलं नाही, किंवा असेल कुठंतरी आणि मी त्या पानावर झोपलो असेन.

मशीनचा आवाज येतो. वैजू मशीनशी बसली आहे, पायजमा तिच्या मांडीवर. तिच्या हातात जुना टूथब्रश आहे, मागच्या टोकाला भोक असलेला. त्या भोकात नाडी अडकवून ती नेफ्यात घालते आणि माझ्याकडं बघत राहते. हात आपले चालले आहेत. अगदी बापूंसारखे. बापूंच्या पायाशी बसून ती हे शिकली, मी पलीकडं वाचत असताना. नाडी दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. मग ती दोन्ही टोकांना गाठ मारते, बापूंची गाठ. आत चिंधीचा एक तुकडा धरून दोनदा वेढायची, म्हणजे गाठ जाड होते आणि टोक कधी नेफ्यात आत ओढलं जात नाही. मला बापूंनी ती कितीदा तरी दाखवली. मी हो हो म्हणायचो.

"तू ये ना उद्या," मी म्हणतो. "माझ्याबरोबर. नुसती बस शेजारी. मी बोलेन सगळं."

"कशी येऊ, अण्णा?" ती म्हणते. अगदी हळू, माझी समजूत काढल्यासारखं.

"तिकीट मी काढतो."

ती मान खाली घालून दातांनी दोरा तोडते. तिच्या मानेवरचा तीळ मला दिसतो. लहान असताना ती माझ्या खांद्यावर झोपायची तेव्हा तो माझ्या डोळ्यांसमोर असायचा. मला तो तसाच बघत राहायचं आहे. मशीनचा आवाज येतच राहतो, पण तिचा पाय आता पायट्यावर नाही. आवाज पंख्याचा आहे.

मान अवघडली म्हणून मला जाग येते. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर गेलं आहे. गल्लीत कुणीतरी गाडी चालू करायला किक मारतं आहे, गाडी चालू होत नाही. मी बराच वेळ हलत नाही. हललो तर तिचा शेवटचा शब्द पुसला जाईल असं वाटतं.

मग मांडीकडं बघतो. पायजमा आहे. नाडी आरपार ओवलेली आहे, दोन्ही टोकं सारखी बाहेर. सेफ्टी पिन खुर्चीखाली पडली आहे, उघडी. नाडीच्या दोन्ही टोकांना जाड, टणक गाठी आहेत. मी एक गाठ नखानं जरा उकलून बघतो. आत चिंधी आहे, जांभळ्या सुती कापडाची.

तिच्या साड्यांची पेटी आतल्या खोलीत आहे. ती मी उघडलेली नाही, म्हणजे उघडल्याचं मला आठवत नाही. झोपेत माणसाचे हात काय करतात कुणास ठाऊक. बापू हे काम न बघता करायचे, त्यांचं काहीतरी माझ्या बोटांत राहिलं असेल. असेलही. मी काहीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, कधीच सांगू शकलो नाही. पण ती गाठ मला बांधता येत नाही, एवढं मला माहीत आहे. मी ती उकलली तेवढी पुन्हा दाबून बसवतो.

उठून खुर्ची दाराशी ओढत नेतो आणि उंबऱ्यात आडवी ठेवून बघतो. बसते. शेजारची निकमांची सून दोरीवरचे कपडे काढता काढता विचारते, "काय हो अण्णा, दारात?"

"वारा येतो इथं," मी म्हणतो. हे खोटं मात्र जमून जातं.

मग उद्याची पिशवी भरतो. पाण्याची बाटली, गोळ्या, चष्म्याचं घर. सवयीनं पायजमाही पिशवीत टाकतो, आणि मग आठवतं, नाडीचं तिथं काही चालत नाही. मी तो परत बाहेर काढतो, हातानं सुरकुत्या मोडतो, घडी करतो आणि आतल्या खोलीत रंगाच्या गादीवर उशापाशी ठेवून देतो.